परक्या मुलखांतील एक खाणावळ

इ. स. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यांत आम्ही यात्रेकरूंच्या एका मंडळीबरोबर जॉर्डन देशीं जाऊन आलों, हें आपल्या शाळेंतील पुष्कळांस ठाऊक आहे. परत आल्यापासून "गुरुजी, तेथें काय पाहिलें?" असा प्रश्न मुलांनीं व पालकांनीं आम्हांस अनेकदां केला, आणि आम्हींही प्रत्येक वेळीं डोंगरांत कोरलेल्या पेत्रा नगराचें, मृत समुद्राचें व अम्मान शहरांतील रोमन रंगमंडपाचें वर्णन करून वेळ मारून नेली. परंतु खरें सांगावयाचें तर जी गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली, ती यांपैकीं एकही नव्हे. ती एक लहानशी खाणावळ होय. त्या खाणावळीची हकीगत, तेथील अन्नाची माहिती, आणि तेथें आम्हांस जो धडा मिळाला तो, असें तिन्ही येथें लिहावयाचें योजिलें आहे.

आमचें फुलचूर गोंदियास अगदीं लागून. चोहोंकडे धानाच्या बांध्या, आणि दोन्ही वेळां पानांत भात. अशा गांवचा माणूस परदेशीं निघाला म्हणजे त्यास पहिली काळजी पडते ती पोटाची. आमची यात्रा ज्यांनीं आंखली होती, त्यांनीं ही काळजी आधींच ओळखून रोज रात्रीं उतरण्याच्या ठिकाणीं वरण, भात व बटाट्याची भाजी मिळेल अशी तजवीज केली होती. शिवाय मंडळींनीं चिवडा, लोणचें व जवसाची चटणी बरोबर घेतली होतीच. त्यामुळें दोन दिवस आम्ही देश परका पाहत होतों व जेवण घरचें जेवत होतों. आणि यांत कांहीं उणें आहे असें कोणासही वाटलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मंडळी थकून विसांवा घेत असतां, आम्ही व भंडाऱ्याकडील आमचे एक वृद्ध सोबती असे दोघेजण खालच्या शहरांत फेरी मारावयास निघालों. अम्मान हें शहर टेकड्यांवर वसलेलें आहे. एका आळींतून दुसऱ्या आळींत जावयाचें तर पुष्कळ ठिकाणीं रस्त्याऐवजीं लांबलचक पायऱ्याच उतराव्या लागतात. अशा एका पायऱ्यांच्या वाटेनें उतरत असतां भाजलेल्या कांद्याचा वास आला. पाहतों तों एक लहान खाणावळ. आंत सातआठ मेजें, आणि समोरच्या भिंतीवर कांचेच्या चौकटींत बसविलेलें संत्र्याचें एक जुनें चित्र. आमचे सोबती थबकले व म्हणाले, "मास्तर, हें तर आपल्या नागपुराकडचें!" तें नागपूरचें नव्हतें हें पुढें कळलें, पण त्या चित्राच्या ओढीनेंच आम्हीं उंबरा ओलांडला.

खाणावळीचे मालक साठीच्या घरांतील गृहस्थ होते. 'अहलन व सहलन' म्हणून त्यांनीं आमचें स्वागत केलें. अरबी भाषेंत हें रोजच्या व्यवहारांतील वचन आहे. 'तुम्ही आपल्या माणसांत आलांत, सपाट भूमीवर आलांत' असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. मालकांस इंग्रजी चांगलें येत असल्यामुळें संभाषणास अडचण पडली नाहीं. खाणावळ पॅलेस्टाइनी पदार्थांची आहे, असें त्यांनीं सांगितलें. पदार्थांचीं नांवें आम्हांस उमगेनात, म्हणून निवड आम्हीं त्यांच्यावरच सोंपविली.

आतां ते पदार्थ कोणते, हें मुलांसाठीं थोडें विस्तारानें सांगतों. पहिला हुम्मुस. अरबींत हुम्मुस म्हणजे हरभराच. काबुली हरभरा रात्रभर भिजवून मऊ शिजवावयाचा, वाटावयाचा, आणि त्यांत ताहिना, लिंबाचा रस, लसूण व मीठ घालून वर जैतुनाचें तेल सोडावयाचें. ताहिना म्हणजे तीळ वाटून केलेला पातळ लगदा. हरभरा आपल्याकडे आहे, तीळ आहेत, लिंबू व लसूणही आहेत. आपण हरभऱ्याची उसळ करतों, तिळाचे लाडू वळतों, परंतु हीं दोन्हीं एकत्र वाटण्याचें आपणांस सुचलें नाहीं. हुम्मुस हा एकट्या पॅलेस्टाइनचा पदार्थ नव्हे. लेबनॉन, सीरिया व जॉर्डन या शेजारच्या देशांतही तो घरोघर होतो. दुसरा फलाफल. भिजविलेला हरभरा न शिजवितां कच्चाच वाटून, त्यांत कोथिंबीर, कांदा व जिरें घालून तळलेले हे वडे आमच्या डाळवड्यांचे चुलतभाऊ शोभतील.

तिसरा पदार्थ मुसख्खन. वाटेवर ज्या कांद्याचा वास आला तो याचाच. तापलेल्या गोट्यांवर भाजलेली जाड रोटी, तिच्यावर जैतुनाच्या तेलांत मंद आंचेवर शिजविलेला भरपूर कांदा, वर भाजलेली कोंबडी, आणि सर्वांवर भुरभुरलेला सुम्माक. सुम्माक हीं एका झुडपाचीं तांबडीं, आंबट, बारीक फळें. तीं वाळवून कुटतात. आपल्या अंबाडीच्या भाजीची आंबट चव ज्यांच्या जिभेस ठाऊक आहे, त्यांस ही चव फारशी परकी वाटणार नाहीं. ऑक्टोबर व नोव्हेंबर हे तिकडे जैतुनाच्या तोडणीचे महिने. नवें तेल निघालें कीं त्याची पारख करण्यासाठीं मुसख्खन करावयाचें, असा तेथील शेतकऱ्यांचा रिवाज आहे. जसें आपल्याकडे नवें धान घरांत आलें म्हणजे त्याचा भात प्रथम कौतुकानें रांधतात.

चौथा पदार्थ मात्र आम्हां धानवाल्यांस विशेष आवडला. त्याचें नांव मकलूबा, म्हणजे 'उलटलेली'. भांड्याच्या तळाशीं मांस व तळलेलीं वांगीं किंवा फुलकोबी, त्यांवर तांदूळ. सर्व एकत्र शिजलें म्हणजे भांडें थाळीवर उपडें करावयाचें, कीं तळचें वर येतें आणि भाताचा ढीग जसाच्या तसा उभा राहतो. त्या प्रदेशांत पूर्वीं तांदूळ हें श्रीमंतीचें अन्न समजत. गरिबांच्या घरीं भरडलेला गहू, किंवा हिरव्या ओंब्या भाजून काढलेला 'फरीका' शिजे. यावरून तिकडे एक म्हण पडली आहे. तिचा आशय असा, कीं मान सारा तांदळास मिळाला आणि भरड्या गव्हानें जीव दिला. आम्ही भाताच्या देशांतून आलों आहों व आमच्या तालुक्यांत भाताच्या गिरण्या जागोजाग आहेत, हें ऐकून मालक हंसले व म्हणाले, "मग तुम्ही सगळेच श्रीमंत!"

जेवतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. मालक प्रत्येक पदार्थाबरोबर एका गांवाचें नांव घेत. शेवटीं आलेला कुनाफा हा गोड पदार्थ, ज्यांत शेवयांसारख्या बारीक तंतूंच्या थराखालीं ताजें चीज असतें व वर साखरेचा पाक ओततात, तो नाब्लुसचा. नाब्लुस म्हणजे पवित्र शास्त्रांतील शखेमाच्या जवळ रोमन लोकांनीं वसविलेलें नगर. द्राक्षें हेब्रोनचीं, या गांवास अरब लोक 'अल् खलील' म्हणजे 'मित्र' म्हणतात, कारण देवाचा मित्र म्हणविला गेलेला अब्राहाम तेथें राहिला. खजूर यरीहोचा. कालवणांत हिरवी मिरची व शेपू घालण्याची रीत गाझाची. भूगोल शिकवावयास आम्हांस भिंतीवरचा नकाशा लागतो; या गृहस्थांस तो लागत नव्हता.

शेवटीं आमच्या सोबत्यांनीं त्या संत्र्याच्या चित्राविषयीं विचारलें. तें चित्र म्हणजे संत्र्यांच्या एका खोक्यावरचा जुना छापील कागद होता, आणि संत्रें याफाचें होतें. योना संदेष्टा ज्या बंदरांतून तारवांत बसला, तेंच हें याफा. तेथील 'शमूती' जातीचें संत्रें जाड सालीचें व जवळजवळ बिनबियांचें असे. साल जाड म्हणून तें समुद्रावरच्या लांब प्रवासांत टिके, व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपच्या बाजारांत त्याचें मोठें नांव झालें. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल व नाजूक, बोटांनीं सहज सुटणारी. दोहोंत हा मोठा भेद आहे. मालकांचे वडील याफाच्या एका बागेंत संत्रीं खोक्यांत भरण्याचें काम करीत असत.

पुढची हकीगत समजण्यास थोडा इतिहास पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइनवर इंग्रजांचा अंमल बसला. युरोपांत छळ सोसलेले पुष्कळ यहुदी लोक तेथें येऊन वसत होते, आणि तेथें पूर्वींपासून राहणारे अरब व नवे आलेले यहुदी यांच्यामधील तंटा दिवसेंदिवस वाढत गेला. १९४८ च्या मे महिन्यांत इंग्रजांचा अंमल संपला व इस्राएल राष्ट्र स्थापन झालें. त्या सुमारास झालेल्या युद्धांत सात लाखांहून अधिक पॅलेस्टाइनी लोक घरांतून हांकलले गेले किंवा जिवाच्या भयानें निघून गेले, व त्यांस परत जातां आलें नाहीं. याफाचे बहुतेक अरब रहिवासी त्यांतच होते. या लोकांच्या साहाय्यार्थ संयुक्त राष्ट्रांनीं एक खातें उघडलें. त्याचें काम १९५० सालीं सुरू झालें. जॉर्डनमध्यें नोंदलेल्या अशा निर्वासितांची व त्यांच्या वंशजांची संख्या आज वीस लाखांहून अधिक आहे. मालकांचा जन्म अम्मानमधील निर्वासितांच्या एका छावणींत झाला, व इंग्रजी ते त्या खात्याच्या शाळेंत शिकले. पीठ, तांदूळ, साखर व तेल शिधा म्हणून मिळे. कोंबडी घेण्यास पैसा नसे. तेव्हां त्यांच्या मातोश्री नुसता कांदा व रोटी पुढें ठेवून त्यासच मुसख्खन म्हणत, आणि याफाच्या घरीं तें कसें होत असे तें वर्णन करून सांगत. "माझी आई गेली," मालक म्हणाले, "घर तर मीं कधीं पाहिलेंच नाहीं. पण तिच्या हातची चव मला येते."

येथें न्यायानें दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ म्हणून शनिवारीं काम बंद ठेवीत, यावरून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक आपल्या पूर्वजांचा देश म्हणून इस्राएलांत गेले. तेथें दिमोना वगैरे गांवीं आजही त्यांच्या घरांतून मराठी ऐकूं येते, आणि एलिया संदेष्ट्याच्या नांवें पोहे, खोबरें व गूळ-साखर यांचा 'मलिदा' होतो. एका लहानशा भूमींत जे आले त्यांनीं आपलें अन्न बरोबर आणलें, व जे गेले त्यांनीं आपलें अन्न बरोबर नेलें. तेथील तंटा मिटलेला नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत इस्राएलांतील वस्त्यांवर हल्ला होऊन शेंकडों माणसें मारलीं गेलीं, व त्यानंतर पेटलेल्या युद्धांत गाझामधील हजारों माणसें मेलीं आणि बहुतेक कुटुंबांस पुन्हां एकदां घर सोडावें लागलें. त्या बातम्या वाचतांना शेपू व मिरची घातलेलें तें कालवण आमच्या डोळ्यांसमोर येई, आणि नुसते आंकडे वाचून पान उलटणें आम्हांस जमेना.

असो. त्या रात्रीं मालकांनीं जेवणाचे पैसे घेतले, परंतु कुनाफ्याचे घेण्याचें साफ नाकारलें. दुसऱ्या दिवशीं आमची मंडळी नबो पर्वतावर गेली. मोशेनें याच डोंगरावरून वचनदत्त देश पाहिला, पण त्यास तेथें पाऊल ठेवतां आलें नाहीं, ही कथा मुलांस ठाऊक आहे. वरून मृत समुद्र, यार्देनेचें खोरें व पलीकडे यरीहो दिसतें. हवा स्वच्छ असली तर यरुशलेमही दिसतें. ती कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली आहे. आदल्या रात्रींच्या गृहस्थांचे वडील दरवर्षीं एकदां या डोंगरावर येऊन बसत, असें त्यांनीं आम्हांस सांगितलें होतें. याफा तेथून दिसत नाहीं. तें पुष्कळ पलीकडे, समुद्रकांठीं आहे. तरीही ते येत.

आतां मुलें विचारतील, कीं घरदार गमावलेला माणूस दुसरें सर्व सोडून खाणावळच कां काढतो? त्याचीं कारणें सरळ आहेत. शेत, विहीर व बाग बरोबर नेतां येत नाहीं; हातची कला नेतां येते. भांडवल थोडें लागतें, घरचीं सर्व माणसें कामास येतात, आणि पहिलें गिऱ्हाईक म्हणून आपल्याच गांवचे लोक मिळतात. पुढें परके लोक येऊं लागतात. मग जें नांव नकाशावर बदललें असेल किंवा पुसलें गेलें असेल, तें ताटांतल्या पदार्थाबरोबर उच्चारलें जातें.

परंतु या लेखाचें खरें कारण निराळेंच आहे. त्या खाणावळींत बसलों असतां आम्हांस आपल्याच जिल्ह्याची आठवण झाली. गोंदियांतील सिंधी कॉलनीमधील वडील मंडळी १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांत सोडून आली. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत गोठणगांवाजवळ तिबेटी लोकांची वसाहत १९७२ पासून आहे. त्याच तालुक्यांत अरुणनगर वगैरे ठिकाणीं पूर्व बंगालमधून आलेलीं कुटुंबें राहतात. अशा तीन प्रकारच्या स्वयंपाकघरांच्या शेजारीं आमचें अर्धें आयुष्य गेलें, आणि त्यांपैकीं एकाच्याही पानावर आम्ही कधीं बसलों नव्हतों. यापेक्षांही लाजेची एक गोष्ट आम्हांस आठवली, ती लिहिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत अशाच एका बंगाली वसाहतींतील मुलगा होता. गोंदियास नातलगांकडे राहून शिकत असे. एके दिवशीं मधल्या सुट्टींत त्यानें डबा उघडला. आंत मोहरी वाटून केलेली मासळी व भात होता. मोहरीचा उग्र वास पसरतांच मुलांनीं नाकें धरलीं, व एकानें कांहीं टवाळीचे शब्द काढले. आम्ही त्याच खोलींत वह्या तपाशीत बसलों होतों. आम्हीं मान वर करून "गडबड नको" एवढेंच म्हटलें व पुन्हां वह्यांत डोकें घातलें. त्या मुलानें डबा मिटला. त्यानंतर तो सुट्टींत सायकली ठेवण्याच्या छपराकडे जाऊन बसे. तो डबा पुन्हां आणतो कीं नाहीं, याची आम्हीं चौकशी केली नाहीं.

प्रवासाहून परत आल्यावर एका रविवारीं दुपारीं आम्ही चांदाफोर्टच्या गाडीनें अर्जुनीस उतरलों व विचारीत विचारीत त्या मुलाचें घर गांठलें. तो आतां दूरच्या शहरांत नोकरीस आहे. घरीं त्याच्या मातोश्री होत्या. 'मास्टारमोशाय' म्हणून त्यांनीं आम्हांस ओटीवर बसविलें, आणि नको म्हणत असतांही जेवावयास वाढलें. पानांत भात व मोहरी वाटून केलेली मासळी होती. ही रीत आपल्या सासूबाईंनीं बरिसालहून आणली, असें त्या म्हणाल्या. आम्हीं त्यांस तो जुना प्रसंग सांगितला व क्षमा मागितली. त्यांस तो ठाऊकच नव्हता. मुलानें घरीं अवाक्षर काढलें नव्हतें. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "सुट्टींत घरीं आला म्हणजे हेंच करायला लावी. पण नातलगांकडे निरोप धाडला होता, कीं डब्यांत भाजीपोळीच द्या. मला वाटे, शहरांत राहून त्याची आवड बदलली असेल." मग त्यांनीं आमच्या पानांत आणखी एक तुकडा वाढला.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं फार थोड्यांस अम्मानला जाण्याचा योग येईल, आणि तो न आला तरी कांहीं बिघडत नाहीं. तुमच्या बांकावर शेजारीं बसणाऱ्या मुलाच्या डब्यांत काय आहे, तें प्रथम पाहा. तें तुमच्या घरच्यासारखें नसेल, तर नाक न धरतां त्याचें नांव विचारा, तें कोणत्या गांवाहून आलें तें विचारा, आणि त्यानें देऊं केलें तर एक घांस घ्या. पालकांसही आमची एवढीच विनंती आहे, कीं परक्या अन्नाविषयीं घरांत जो शब्द सहज निघतो तो मुलें शाळेंत घेऊन येतात, हें ध्यानांत असूं द्यावें. आमच्या वर्गांत आतां महिन्यांतून एकदां सर्वांचे डबे एकाच सतरंजीवर उघडले जातात, आणि आम्ही वह्या बाजूस ठेवून त्यांत बसतों.